‘तुरळक ठिकाणी पाऊस’ वाचून तिफण जुंपू नका

मृगाचे दोन शिंतोडे पडतात, फोनवर ‘मान्सून आला’ असा निरोप फिरतो आणि दुसऱ्या दिवशी शिवारात तिफणी दिसतात. मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणीची जितकी शेतं मी पाहिली, त्यांत बियाणं क्वचितच खराब होतं. अंदाज अर्धाच वाचलेला होता.

हवामान खात्याचे शब्द मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. चारातली तीन कोरडी! ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५. शिवाय २.५ मिमी पडला तरी खात्याच्या हिशेबी तो पावसाचा दिवस. तेवढ्याने काळ्या जमिनीची धूळही नीट बसत नाही.

‘यंदा सरासरीपेक्षा जास्त’ ही बातमीही अशीच. तो आकडा बहुधा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबरचा असतो, तुमच्या पेरणीच्या आठवड्याबद्दल त्यात अक्षर नसतं. पिवळा इशारा म्हणजे ‘लक्ष ठेवा’. तो विजा-वाऱ्यासाठीही येतो, पेरा असं तो सांगत नाही. आणि ज्या निरोपावर तारीख नाही, जिल्हा नाही, तो आलाच नाही असं समजा. मागल्या वर्षीचा व्हिडिओ जूनमध्ये नव्याने फिरतो, हे दरवर्षीचंच.

पेरणी कधी? शिफारस ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरची आहे, तोही तुमच्या शेतात. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा झाडाझुडपांपासून लांब उघड्यावर ठेवा आणि आतलं पाणी पट्टीने मोजा. १० मिमी पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. माझा स्वतःचा एक आडाखा आहे, पुस्तकात सापडणार नाही: वीतभर उकरा, तळाच्या मातीचा मुठीत लाडू वळला तर ओल खाली पोचली. लाडू फुटला तर तिफण धुऱ्यावरच राहू द्या.

या दिवसांत दुकानात हमखास एक बाटली पुढे येते: ‘हे चोळा, कमी ओलीतही उगवतं.’ बाटलीतून ओल येत नाही. ते पैसे उगवण चाचणी केलेल्या घरच्या बियाण्याच्या बीजप्रक्रियेला लावा.

सोयाबीनसाठी थांबलेल्या दिवसांतली कामं:
- उगवण चाचणी: १०० दाणे ओल्या गोणपाटात. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं
- आधी बुरशीनाशक (मात्रा लेबलवरची), पेरणीआधी शेवटी रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) व पीएसबी (जमिनीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी २५० ग्रॅम प्रति १० किलो
- चोळलेलं बियाणं सावलीत सुकवणे
- पेरणीची खोली ३ ते ५ सेंमी
- शक्य तिथे रुंद वरंबा सरी (रुंद गादीवाफ्यावर पेरणी, दोन्ही बाजूंना सरी)

ज्यांनी घाईत पेरलंच आहे त्यांनी लगेच मोडू नका. ओळीत उकरून दाणा बघा. फुगून कुजला असेल तर गेला. कोरडा, टणक असेल तर अजून पावसाची वाट बघता येते.

डबा रोज सकाळी साडेआठलाच मोजा आणि वहीत लिहा. खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो, त्यामुळे तुमच्या महसूल मंडळाच्या आकड्याशी ताळा घालता येतो. दोन्हींत मोठा फरक पडला, तर पेरणीपुरता आपल्या डब्याचा आकडा धरा.