बुद्धांची चित्रकथा काढायची तर घोड्यापासून सुरुवात करा

मी चेहऱ्यापासून केली होती. शांत मुद्रा, अर्धवट मिटलेले डोळे, मागे प्रभावळ. प्रत्येक चौकटीत तेच. पंधरा दिवस गेले, पण पान काही हलेना.

मग सांची आठवली. मोठ्या स्तूपाच्या पूर्वेकडच्या तोरणावर, म्हणजे दगडी प्रवेशद्वारावर, मधल्या आडव्या पट्टीत सिद्धार्थाचा गृहत्याग कोरलाय. डावीकडे कपिलवस्तू. तिथून निघालेला त्याचा कंथक घोडा त्याच पट्टीत पुन्हा पुन्हा येतो; पाठ रिकामी, वर मात्र छत्र धरलेलं. उजव्या टोकाला छत्राखाली नुसती पावलं आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला सारथी छन्न. खाली घोडा परत निघालाय, आता छत्राविना. दोन हजार वर्षांपूर्वीची ही चित्रकथा! सिद्धार्थ एकदाही दिसत नाही, तरी नजर त्यालाच शोधत राहते. ही पट्टी आधी स्वतःच्या हातानं उतरवून काढा.

संहिता लिहिण्याआधी गृहत्यागाचं कारण ठरवा. परंपरा सांगते: म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी. बाबासाहेबांना ते पटलं नाही. २९ वर्षांच्या माणसाला हे आधी कधीच दिसलं नसेल? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (सिद्धार्थाचं कुळ) आणि शेजारच्या कोलियांमध्ये पेटलेला वाद पुढे ठेवला. दोन्हींची खिचडी करू नका. एकीकडे रथातला एकटा तरुण, दुसरीकडे शाक्यांच्या भरल्या संघसभेत युद्धाला विरोध करणारा सभासद. मी रोहिणी घेतली, कारण तिथे त्याला बोलावं लागतं.

किसा गोतमीला अख्खं पान द्या. तिचं मूल गेलंय, आणि जिथे कधीच कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, असं बुद्धांनी तिला सांगितलंय. सहा चौकटी, सहा दारं. पहिल्या दारातून मोहरीची मूठ पुढे येते. ‘घरात कुणी गेलंय का?’ मूठ मागे जाते. दुसऱ्या दारानंतर संवादाचे फुगे काढून टाका. पुढे फक्त तिची मान बदलू द्या, दर दारागणिक थोडी खाली. शेवटच्या चौकटीत ती हात पुढे करतच नाही. तिथे निवेदनाची ओळ घालायचा मोह होतो. माझ्या कच्च्या पानावर होती, खोडली.

कुशीनगरला ८० वर्षांचे बुद्ध अखेरच्या घटकेला दोन सालवृक्षांमध्ये पहुडलेत. तो प्रसंग समोरून काढला की भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा होतो. त्याऐवजी त्यांचा शिष्य आनंद याला काढा. २५ वर्षं सोबत राहिलेला हा माणूस आत विहारात, दाराला टेकून रडतोय. बुद्ध त्याला बोलावून घेतात. तो जवळ येऊन बसतो त्या चौकटीत बुद्धांचा फक्त हात दिसू द्या.