डिस्को उपसागरातले हिमनग टिपण्यासाठी आणि दाखवण्यासाठी करायची तयारी

ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरील, डिस्को उपसागराकाठच्या इलुलिसात गावी जायचे ठरल्यावर कॅमेऱ्याच्या आधी व्हिसाकडे पाहावे. ग्रीनलँड हा डेन्मार्कच्या राज्याचा भाग असला तरी तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाही. त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाने तेथे जाण्याची परवानगी अर्जातच स्वतंत्रपणे मागावी, आणि कोपनहेगनमार्गे परतायचे असल्यास शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करून घ्यावी. मेच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथे सूर्य मावळत नाही, म्हणून त्या काळात दुपारची बोट सोडून रात्री दहानंतर सुटणारी बोट धरावी. तेव्हा क्षितिजालगतच्या तिरप्या उजेडात बर्फावरची प्रत्येक भेग उठून दिसते. सूर्यास्ताचे रंग हवे असतील, तर ऑगस्टचा शेवट निवडावा.

बोटीच्या किमान दोन फेऱ्या आधीच ठरवाव्यात. सेर्मेक कुयाल्लेक या हिमनदीतून सुटलेले मोठे हिमनग, २००४ पासून जागतिक वारसास्थळ असलेल्या तेथील फ्योर्डच्या (जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या) मुखाशी समुद्रतळावरील उंचवट्याला अडून राहतात आणि पुरेसे वितळले किंवा तुटले की खुल्या उपसागरात निघून जातात. पहिल्या फेरीत हेरलेला मोठा हिमनग त्यामुळे दुसऱ्या फेरीत वेगळ्या उजेडात पुन्हा मिळण्याची शक्यता बरीच असते, आणि एका फेरीवर धुके पडले तरी सगळा प्रवास वाया जात नाही. बोट लहान व चहूबाजूंनी उघडी असावी. चालक मध्येच इंजिन बंद करून थांबतो का, हे आरक्षण करतानाच विचारावे. हिमनगापासून किती अंतर राखायचे हा निर्णय मात्र चालकाचाच. बर्फाचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो, आणि तोल बदलला की अख्खा हिमनग कसलीही सूचना न देता उलटतो; म्हणून ‘आणखी थोडे जवळ घ्या’ असा आग्रह कोणी धरू नये, त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स सोबत असते.

शक्य असल्यास दोन कॅमेरे घ्यावेत. एकावर २४-७० आणि दुसऱ्यावर १००-४०० मिलिमीटरची लेन्स लावून ठेवली, म्हणजे खाऱ्या तुषारांत लेन्स बदलण्याची वेळ येत नाही. तिपाई खोलीवरच राहू द्यावी. इंजिनाची थरथर तिच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात, गोड्या पाण्याने ओलसर केलेले कापड बाहेरच्या खिशात, आणि हातात बोटे उघडी करता येतील असे दुपदरी मोजे असावेत. मोठी, तोंड घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी विसरू नये: थंडीतून उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा तीत बंद करून तासभर तसाच ठेवला, तर दव कॅमेऱ्यावर न धरता पिशवीवर धरते. बोट लागण्यावरचे औषध डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवावे.

सराव मुंबईतही होतो, आणि तो टाळू नये. हिवाळ्यात गेटवे ते मांडवा या लाँचमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात. हलत्या डेकवरून, झगझगीत उन्हात उडणारा पांढरा पक्षी टिपताना क्षितिज सरळ ठेवणे, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका शटरवेग राखणे आणि पांढऱ्या पिसांतले तपशील सांभाळणे या तिन्ही सवयी एकदमच लागतात.

खरी कसोटी पांढऱ्याचीच आहे. चौकटभर बर्फ असला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून ढगाळ हवेत एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून सुरुवात करावी. ऊन असल्यास मात्र उजळलेल्या कडा आधी तपासाव्यात आणि हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा कॅमेऱ्यावर दिसणारा आलेख, उजव्या भिंतीला चिकटू देऊ नये. चित्रे रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीतच, घ्यावीत. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी मांडणी) ‘डेलाइट’वर पक्का ठेवावा, कारण स्वयंचलित मापन निळाईला दोष समजून ती काढू पाहते. ती निळाई खरी असते: दाबाखाली हवेचे बुडबुडे कमी झालेल्या घट्ट बर्फात उजेड खोलवर जातो, तांबडा प्रकाश अधिक शोषला जातो आणि निळा बाहेर येतो. गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवर फोकस भरकटतो, तेव्हा तो भेगेच्या कडेवर धरावा. फार दूरचा हिमनग लांब लेन्समधून थरथरता दिसत असेल, तर दोष पाण्यावरच्या कमी-अधिक तापमानाच्या हवेच्या थरांचा आहे. असे चित्र नंतर कितीही धारदार केले तरी सुधारत नाही, तेव्हा ते सोडून द्यावे.

चित्रे इतरांना दाखवून त्यांचे मत घेण्याची तयारीही बोटीवरच सुरू करावी, कारण बघणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘हा केवढा आहे?’ असाच असतो. एखादी मच्छीमार होडी किंवा बर्फाच्या कड्यावर बसलेला पक्षी चौकटीत येईपर्यंत थांबावे, आणि वहीत वेळ, आकाशाची स्थिती, चालकाने सांगितलेले अंतर व अंदाजे उंची लिहून घ्यावी. रोज रात्री दोन ठिकाणी प्रती केल्याशिवाय कार्ड पुसू नये.

परतल्यावर लगेच कोणाला काही दाखवू नये. प्रवासाचा उत्साह ओसरेपर्यंत प्रत्येक चित्र चांगलेच वाटते. मग बारा चित्रे निवडून मध्यम आकारात छापून घ्यावीत, कारण मोबाइलच्या पडद्यावर निळा रंग भडक होतो आणि जळालेले, म्हणजे अति उजेडाने तपशील हरवलेले, पांढरे लपून जाते. ‘कशी वाटली?’ असे विचारल्यास ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी नजर आधी कुठे गेली, आकाराचा अंदाज काय आला, आणि कोणते चित्र काढून टाकावे, हे तीन प्रश्न लिहून समोर ठेवावेत. बघणारे दोन प्रकारचे असावेत: छापील चित्रे पारखण्याची सवय असलेला एखादा जाणकार, आणि बर्फ कधीच न पाहिलेले घरातले कोणी. माझ्या मते दुसऱ्याचे उत्तर अधिक कामाचे असते, कारण जाणकार आकार डोक्यातल्या माहितीने भरून काढतो. ते बोलत असताना स्थळाची हकिगत सांगत बसू नये. ऐकावे आणि टिपून घ्यावे. रंगाविषयी शंका निघाली तर मूळ रॉ चित्र आणि वहीतली नोंद पुढे करावी, आणि निळा वाढवलेला असल्यास तसे स्पष्ट सांगावे.