हालश्टाट पाहावे ते मिठाच्या वाटेने

ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे येणारे बहुतेक प्रवासी तळ्याकाठच्या घरांचे छायाचित्र काढून दोन तासांत परततात. जेमतेम साडेसातशे वस्तीचे हे गाव ज्या मिठामुळे वसले, ते मीठ मात्र त्यांच्याकडून पाहायचे राहून जाते. म्हणून शक्य तर एक रात्र मुक्काम करावा.

रेल्वेने आल्यास स्थानक तळ्याच्या पैलतीरावर आहे हे ध्यानात ठेवावे. गावात होडीने जावे लागते, आणि ती गाडीच्या वेळा सांभाळून सुटत असली तरी रात्रीच्या गाड्यांना नसते. त्यामुळे दिवसाउजेडी पोहोचणेच बरे. १८९० पर्यंत गावाला गाडीरस्ताच नव्हता, तेव्हा होडीतून येणे हीच येथली जुनी रीत म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी होण्याआधी, डोंगरावरील खाणीकडे जावे. वर नेणारी दोरखंडाची रेल्वे चालू आहे की नाही, याची खात्री आधीच करून घ्यावी. येथे सुमारे सात हजार वर्षांपासून मीठ काढले जात आहे. आपल्याकडील सैंधवासारखेच हे खडकातले मीठ. खाणीत बारमाही थंडी असते, म्हणून उन्हाळ्यातही गरम कपडे आणि बंद बूट घालावेत. चार वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत. मिठाने लाकूडही टिकवून ठेवल्यामुळे इ. स. पूर्व चौदाव्या शतकातला लाकडी जिना येथे जवळजवळ जसाच्या तसा सापडला. खाणीजवळच्या दरीत योहान गेओर्ग रामसाउअर या खाण-अधिकाऱ्याने १८४६ पासून सुमारे हजार प्राचीन थडगी उकरून त्यांची काळजीपूर्वक चित्रे व नोंदी करून ठेवल्या. युरोपातील आरंभीच्या लोहयुगाच्या संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले ते या शोधामुळे.

खाली उतरल्यावर कॅथलिक चर्चच्या आवारातील अस्थिगृह पाहावे. डोंगर आणि तळे यांच्यामध्ये दफनाला जागा अपुरी पडे, म्हणून काही वर्षांनी थडगे उघडून हाडे बाहेर काढीत व कवटीवर मृताचे नाव आणि फुलापानांची वेल रंगवीत. अशा सहाशेहून अधिक रंगीत कवट्या तेथे आहेत. दृश्य भयाण वाटेल अशी धास्ती असते. प्रत्यक्षात ते घरगुती वाटते.

संध्याकाळी, सहलीच्या बसगाड्या निघून गेल्यावर, तळ्याकाठी फिरावे. कोणाच्या खिडकीत किंवा अंगणात डोकावू नये, कारण तेथे माणसे राहतात.