मघाशी कट मारून गेलेला पुढच्या वळणावर आपटलेला दिसला, तर या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात फोंड्याहून मडगावला जाताना बोरीच्या पुलाच्या अलीकडे एका गाडीने आम्हाला वळणावर असा ओव्हरटेक मारला की समोरून येणाऱ्या बसला पार कडेला दाबून थांबावं लागलं. भावोजी म्हणाले, हा आज कुठंतरी आपटणार. पूल ओलांडून थोडं पुढे गेलो तर खरंच, तीच गाडी, बॉनेट माडाला टेकलेलं, वायपर अजून चालू. त्यानंतरच्या दहा मिनिटांत आम्ही जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या, म्हणून हे लिहितोय. रस्त्यावर वेड्यासारखा चालवणारा माणूस जखमी झाला की त्याच्या चुकीचा हिशोब पोलीस करतील, कोर्ट करेल, आपल्या हातात त्या वेळी फक्त त्याचा श्वास आणि त्याचं रक्त एवढंच असतं.

पहिली चूक मी केली, गाडी वळणावरच थांबवली. मागून येणाऱ्याला ना माझी गाडी दिसत होती ना त्याची, आणि पावसात ब्रेक लागत नाही हे काय सांगायला हवं. गाडी अपघाताच्या पुढे किंवा बरीच अलीकडे, रस्त्याच्या बाहेर जिथे दिसेल अशा जागी घ्या, हॅझर्ड लाइट लावा, आणि एकाला टॉर्च घेऊन वळणाच्या आधी उभा करा, त्याने कडेला राहूनच हात दाखवायचा, मधे नाही. आपल्याकडे रस्त्यावर झाडाची फांदी टाकायची जुनी पद्धत आहे, ती चांगलीच आहे, पण फांदी वळणाच्या आधी पडली पाहिजे, अपघाताला चिकटून टाकली तर काय उपयोग. विजेच्या खांबाला गाडी धडकली असेल आणि तार खाली लोंबत असेल तर कितीही जीव तुटला तरी जवळ जायचं नाही, वीज बंद केल्याचं कळेपर्यंत लांब राहायचं. बाकी ठिकाणी जमलं तर इग्निशन बंद, हँडब्रेक वर, आणि कुणी विडी सिगारेट पेटवत असेल तर आधी त्याला लांब करा.

दुसरी चूक भावोजींची, आणि गोव्यात ही फार दिसते. खाली उतरल्या उतरल्या आरडाओरडा, "बघ, सांगत होतो ना! उतर खाली, किती प्यालायस?" दोन बाइकवाले थांबले तेही त्याच सुरात, एकजण तर दार उघडून कॉलर धरायला निघालेला. आत बाविशीचा वगैरे पोरगा, डोक्यातून रक्त, आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतोय, "आयेक सांगू नाका." आईला सांगू नका, असं कोकणीत, अगदी लहान मुलासारखं. तेव्हा भावोजी गप्प झाले.

बरं, तो प्यालेला होता की नाही हे आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. इथे जरा थांबून सांगतो, कारण जीव जाण्याची मोठी भीती इथेच आहे. अडखळत बोलणं, तेच तेच विचारणं, उलटी, झोप येणं, उगाच भांडणं, हे सगळं दारूनेही होतं आणि डोक्याच्या मारानेही होतं, मेंदूत रक्तस्राव होत असतानाही माणूस असाच दिसतो. शुगर खूप खाली गेलेला डायबेटिसचा पेशंटही असाच दिसतो, फिट येऊन गेलेलाही. कदाचित गाडी वाकडीतिकडी चालली होती तीच मुळी शुगर किंवा हार्टमुळे असेल. आणि दारूचा वास आला तरी डोक्याला मार नाही असं सिद्ध होत नाही, दोन्ही एकत्र असू शकतं. म्हणून "पिऊन तर्र आहे, झोपू दे, उतरेल" हे वाक्य अपघाताच्या जागी कुणी उच्चारूच नये. तो हळूहळू सुस्त होत असेल तर तेवढंच अँब्युलन्सवाल्याला नीट सांगा, आधी बोलत होता, आता कमी बोलतोय, किती वाजल्यापासून. डॉक्टरला हे खूप कामाचं असतं.

आता ओढाओढी. बाइकवाले म्हणाले, काढा बाहेर, पिकअपमध्ये टाकून नेऊ. चांगल्या मनाने म्हणाले, पण मानेचा मणका सरकलेला असेल तर अशा ओढाओढीने माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. आग लागली, गाडी पाण्यात जातेय, किंवा तो श्वासच घेत नाही, असं काही असेल तरच बाहेर काढायचं. नाहीतर आहे तिथेच. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाय आली, छत्री आणि जुनी चादर घेऊन, तिने कुणालाच काही विचारलं नाही, मागचं दार उघडून त्याच्या सीटमागे गुडघ्यावर बसली आणि दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं दोन कानांपाशी धरलं, हलू नको रे बाबा, म्हणाली, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तशीच बसून राहिली. तिच्याकडून शिकलो. बोलायचं असेल तर त्याच्या समोर उभं राहून बोला, बाजूने हाक मारली की माणूस मान वळवतो. दुचाकीवाल्याचं हेल्मेट खेचून काढू नका, काच वर करा, फक्त श्वास अडत असेल तर एकाने मान धरून दुसऱ्याने हळू काढायचं.

श्वास घेत नसेल, किंवा मधूनच नुसते आचके देत असेल (तो श्वास नव्हे), तर पाठीवर सपाट झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आणि उलटी येतेय, तर डोकं मान अंग एकसाथ ठेवून कुशीवर वळवा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून "थांबलं का" बघायचा मोह होतो, तो आवरा, कापड भिजलं तर वरून दुसरं ठेवा. हळद, कॉफी पावडर काही भरू नका. काच किंवा सळी आत घुसली असेल तर उपटू नका, बाजूने दाब द्या.

पाणी पाजणं. दहा माणसं जमली की पाच बाटल्या पुढे येतात, माया असते त्यात, पण ऑपरेशन करायची वेळ आली तर पोटातलं पाणी अडचण करतं आणि अर्धवट शुद्धीतल्याच्या घशातून ते फुप्फुसात जाऊ शकतं. ओठ ओले करा हवं तर, आणि अंगावर चादर घाला, पावसात माणूस लवकर गार पडतो.

सगळ्यात लाजिरवाणी चूक, १०८ ला फोनच केलेला नव्हता. सगळ्यांना वाटलं दुसऱ्याने केला. एकाकडे बोट दाखवून सांगा, तू लाव आणि काय म्हणाले ते मला सांग. आणि फोनवर नुसतं "बोरीला" नको. पुलाच्या फोंड्याच्या बाजूला की मडगावच्या, जवळ कुठलं देऊळ, कपेल (छोटं चर्च), दुकान, विजेच्या खांबावर नंबर असतो तो, किती जखमी, कुणी आत अडकलाय का, आणि पलीकडून ठेवा म्हणेपर्यंत फोन कट करायचा नाही. गंभीर असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) नेतील की आधी जवळच्या हॉस्पिटलला, ते त्यांना ठरवू द्या.

एक गोष्ट आम्ही फार उशिरा केली. ज्याचा राग आलाय त्याच्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. पण मागच्या सीटवर कुणी होतं का, बाइक असेल तर पाठीमागचा उडून झुडपात, शेतात, गटारात पडलाय का, त्याने आधी कुणा चालणाऱ्याला उडवलंय का, हे टॉर्च घेऊन बघायलाच हवं. जो ओरडतोय तो निदान श्वास घेतोय. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा.

कधी उलटंच होतं, तो उठून उभा राहतो, काही नाही झालं म्हणतो, चावी मागतो. देऊ नका, पण झटापटही करू नका. पोटातला रक्तस्राव सुरुवातीला कळत नाही हे त्याला शांतपणे सांगा, बसवा. अंगावर येत असेल तर लांब व्हा, ११२ लावा, पळून गेलाच तर नंबर प्लेट, रंग, कुठल्या दिशेने, एवढं टिपून ठेवा.

पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार, ही भीती जुन्या काळची आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या बाजूच्या नियमांना बळ दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, २०२० मध्ये नियम आले. चांगल्या हेतूने मदत करताना काही बिघडलं तरी तुमच्यावर केस होत नाही, नाव पत्ता द्यायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही की पैसे मागू शकत नाही. जखमीला २०२५ च्या योजनेत ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत, तोच चुकीचा चालवत होता म्हणून उपचार थांबत नाहीत.

आणि हो, त्याने कसा ओव्हरटेक मारला ते पोलिसांना जरूर सांगा, डॅशकॅम असेल तर फुटेज द्या. मदत केली म्हणून साक्ष द्यायची नाही असं थोडंच आहे. फक्त पाहिलं तेवढंच सांगा, "शंभरच्या वर असणार" असला अंदाज नको. गाड्यांचे फोटो लांबून काढा, चेहऱ्याचा काढू नका, व्हॉट्सअपवर तर अजिबात टाकू नका. त्या पोराच्या आईला आपल्या मुलाचं रक्ताळलेलं तोंड कुणाच्या स्टेटसवर दिसलं असतं तर?

घरी गेल्यावर हात साबणाने नीट धुवा. तुमच्या हातावर कापलेलं होतं आणि त्यावर दुसऱ्याचं रक्त लागलं असेल तर डॉक्टरकडे लगेच जा, एचआयव्ही होऊ नये म्हणून औषधं आहेत पण ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकं लवकर तितकं बरं. आमच्या डिकीत आता ग्लोव्हज, टॉर्च, दोन जुने पंचे आणि एक चादर असते. त्या बायची चादर परत द्यायला आम्ही आठवड्याने गेलो होतो, डाग गेला नाही म्हणून नवीन घेऊन गेलो, तर तिने आधी विचारलं, पोरगा कसा आहे?