पावसाळ्यानंतर टू-स्ट्रोक जेट स्की घुसमटते? कार्बच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

सप्टेंबर आला की मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंत ताडपत्रीखालच्या जुन्या मशिनी बाहेर निघतात आणि तीच तक्रार सुरू होते, चालू होते पण थ्रॉटल दाबला की घुसमटते, किंवा आयडलला थांबतच नाही. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरळ कार्बच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या, स्क्रूकडे जातो. कृपा करून तसं करू नका. मे महिन्यात त्याच सेटिंगवर मशीन नीट पळत होती ना, मग तीन-चार महिन्यांत स्क्रू आपोआप फिरलेले नाहीत, बदललंय ते दुसरंच काहीतरी आणि आधी ते शोधायचं.

मी बोलतोय ते मिकुनीच्या सुपर बीएन कार्बबद्दल, यामाहाच्या ७०१ इंजिनवर आणि १९९० च्या दशकातल्या बऱ्याच सीडू कंपनीच्या जेट स्कीवर हाच असतो. याला बाईकच्या कार्बसारखा फ्लोट नसतो. मशीन उलटीपालटी होते, लाटेवर आपटते, म्हणून आत डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, असतो, आणि पेट्रोल ओढणारा पंप क्रँककेसच्या पल्सवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतल्या दाबाच्या झटक्यांवर, चालतो. म्हणजे पल्सच्या बारक्या नळीला चीर गेली तरी पेट्रोल कमी पडतं आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की ट्यूनिंग बिघडलं.

पेट्रोल कमी पडणं म्हणजे लीन, आणि टू-स्ट्रोकमध्ये लीनच जास्त घातक. रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर धूर होईल, प्लग ओले होतील, फारतर दोन प्लग जातील. लीन असेल तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. पाण्यावर उतार नसतो, इंजिन पूर्ण थ्रॉटलला सतत लोडखाली असतं, त्याला श्वास घ्यायला जागाच मिळत नाही. त्यामुळे शंका असेल तर कायम रिच बाजूने सुरुवात करायची.

काम करताना सीट काढून पाच-दहा मिनिटं हल, म्हणजे बोटीचा खालचा सांगाडा, उघडा ठेवा, आत पेट्रोलची वाफ साठलेली असते, आणि अग्निशामक हाताशी ठेवा. जमिनीवर पाण्याशिवाय इंजिन पंधरा सेकंदांच्या वर चालवू नका. पाण्याचा पाइप लावून चालवायचं तर आधी इंजिन मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी मग इंजिन. हा क्रम चुकला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं.

आता पहिलं, टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाका, थोडं काढून वरून नवीन घालू नका. पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर जास्तच. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर बसतो, आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळालाच असते.

दुसरं, नळ्या. जुन्या सीडूमध्ये राखाडी रंगाच्या नळ्या असतील तर त्या आतून विरघळून हिरवट चिकट घाण होते, ती कार्बमधल्या बारीक जाळीत जाऊन बसते. त्या सगळ्या काढून पेट्रोलसाठीच्या चांगल्या काळ्या नळ्या टाका, नाहीतर कार्ब कितीही साफ केला तरी महिन्याभरात पुन्हा तेच. त्याच वेळी ऑन-रिझर्व्हचा कॉक आणि वॉटर सेपरेटरची ओ-रिंग पण बघा, ओ-रिंग सुकली की पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते.

तिसरं, कम्प्रेशन. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी ग्राउंडला लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि मोजा. साध्या सीडू इंजिनला साधारण १५० पीएसआय दिसतं, पण मला आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा वाटतो. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर काम कार्बचं नाही, रिंग-पिस्टनचं आहे.

चौथं, हवेची गळती. लक्षण सोपं आहे, थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतो. चालू इंजिनवर काहीतरी ज्वलनशील फवारून गळती शोधायची पद्धत बंद हलमध्ये धोक्याची आहे, ती वापरू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये पाच-सहा पीएसआय हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, जिथे बुडबुडे येतील तिथे गॅस्केट किंवा सील गेलेलं आहे.

एवढं सगळं ठीक निघालं तरच कार्ब खोला. जाळी आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) क्लीनरने आणि हवेने साफ करा, जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं झालं की जेटवरच्या नंबरला अर्थ उरत नाही. डायफ्राम कडक झाला असेल तर किट टाका, आणि टाकायचं तर दोन्ही कार्बला. मग पॉप-ऑफ, म्हणजे कार्बमधली सुई उघडायला लागणारा दाब, तपासा. रिटर्नची नळी बंद करून इनलेटला गेजवाला हातपंप लावायचा, सुई पेट्रोलने ओली करायची आणि किती दाबाला सुई उघडते ते बघायचं. दाब फार कमी असेल तर पेट्रोल आत गळत राहतं, फार जास्त असेल तर अचानक थ्रॉटल दिला की मशीन क्षणभर मरते. दोन्ही कार्बचा आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. स्प्रिंग ताणून किंवा कापून दाब जमवायचा नाही, योग्य ग्रॅमची स्प्रिंग आणायची.

आता स्क्रू. आहे त्या जागेवरून हलकेच बंद करत किती फेरे होतात ते मोजा आणि लिहून ठेवा. या कार्बवर लो-स्पीड आणि हाय-स्पीड हे दोन्ही स्क्रू पेट्रोलचे आहेत, आत फिरवला की लीन, बाहेर काढला की रिच. मॅन्युअलमधल्या आकड्यापासून सुरू करा आणि ट्यूनिंग पाण्यातच करा, जमिनीवर लोड नसतो. लो-स्पीड स्क्रू आयडल आणि त्याच्या लगेच वरचा भाग सांभाळतो, एका वेळी पाव फेरा, दोन्ही कार्बला सारखा. थ्रॉटल देताच एकदम घुसमटून विझायला आली तर बहुधा लीन, भकभक करत जड उठली आणि धूर सोडला तर रिच. हा लो-स्पीडचा भाग नीट लागल्याशिवाय हाय-स्पीडकडे जाऊ नका, खालचं चुकलेलं वरून झाकता येत नाही.

वरच्या भागात मेन जेट आणि हाय-स्पीड स्क्रू. इथे एका वेळी फक्त अष्टमांश फेरा. नवे प्लग लावून मोकळ्या पाण्यात थोडा वेळ पूर्ण थ्रॉटलला पळवा, थ्रॉटल न सोडता स्टॉप बटण दाबा आणि प्लग काढून बघा. पांढरा म्हणजे लीन, लगेच रिच करा. तपकिरी चांगला. काळा-ओला म्हणजे रिच.

ई२० मुळे इथे एक गोष्ट मुद्दाम धरायची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे पेट्रोल जास्त लागतं, आणि ही इंजिनं ई२० च्या कितीतरी आधीची. जुन्या जेटवर तीच मशीन आता लीन चालते. त्यामुळे मेन जेट एक पायरी मोठा लावून प्लग बघणं मला फॅक्टरी नंबरला चिकटून राहण्यापेक्षा सुरक्षित वाटतं. डिसेंबरच्या थंड सकाळी हवा दाट असते, तेव्हा अजून लीन होते, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी अगदी काठावर सेट करू नका.

आणि दोन प्लग वेगवेगळ्या रंगाचे निघाले, एक तपकिरी आणि एक पांढरा, तर स्क्रूने ते जुळवत बसू नका. पांढऱ्या बाजूच्या कार्बची जाळी, गॅस्केट आणि क्रँक सील परत तपासा, आणि ते सापडेपर्यंत त्या मशीनला पूर्ण थ्रॉटल देऊ नका.