शेल्टरमधल्या कुत्र्या-मांजरांचे दत्तकासाठी फोटो कसे काढावेत

जाळीमागून काढलेला, ट्यूबलाइटच्या उजेडातला, कान पाडून कोपऱ्यात बसलेल्या कुत्र्याचा फोटो बघून लोक हळहळतात आणि पुढे सरकतात. तेच कुत्रं अंगणात, तोंडावर उजेड घेऊन, आपल्याकडे बघत बसलेलं दिसलं की मनात पहिला विचार येतो, ‘हा आपल्या ओसरीवर कसा दिसेल?’ काढायचा आहे तो हा फोटो. त्यासाठी साधा फोन, मदतीला एक माणूस आणि दर प्राण्यामागे अर्धा तास पुरतो. त्यातली पहिली वीस मिनिटं फोन खिशातच ठेवा.

पिंजऱ्यातून बाहेर आलेलं कुत्रं आधी ओढतं, हुंगतं, दहा ठिकाणी पाय वर करतं. करू द्या. अंगणाच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की ते एकदा नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकतं, तोंड सैल उघडं पडतं, कान स्वस्थ होतात. तेव्हा फोन काढा. वारंवार ओठ चाटणं, झोप नसताना जांभया देणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, शेपटी पायांत घालणं ही घाबरल्याची लक्षणं. ती फोटोत उतरतात आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी ‘हा नको’ असं वाटतं. दहा मिनिटांत ती कमी झाली नाहीत तर त्याला परत नेऊन ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. जेवणानंतर लगेच फोटो काढू नका. दोन-तीन तास गेलेले असले की खाऊकडे लक्ष राहतं.

जागा शेल्टरच्याच आवारातली निवडा. बडोद्याची कमाटीबाग सुंदर आहे, पण तिथे प्राणिसंग्रहालयाचे वास आणि रविवारची गर्दी. नवखं कुत्रं बावचळतं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, १४ आणि १५ जानेवारीला फोटोचं नावच काढू नका. गच्च्यांवरचे भोंगे आणि आरडाओरडा असतोच, शिवाय शेल्टरची माणसं पतंगाच्या दोरीने कापलेल्या पक्ष्यांमागे धावत असतात. त्यानंतरही काही दिवस, कुत्रं सोडण्याआधी गवतात आणि कुंपणात अडकलेली दोरी हाताने शोधून काढा. पंजात गुंतली तर खोल कापते.

बडोद्याच्या हिवाळ्यात सकाळी साडेआठ ते दहा हा उजेड उत्तम. मे महिन्यात साडेसहा ते आठ, त्यापुढे नाही. फरशीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर तिच्यावर पंजेही टेकवू नयेत. पावसाळ्यात कुत्र्याला तासभर आधी पुसून कोरडं करा. ओल्या केसांत धडधाकट कुत्रंही हाडकुळं दिसतं.

कुत्र्याला इमारतीच्या सावलीत, कडेपासून दोन-तीन फूट आत, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवा. तुम्ही आभाळाकडे पाठ करा. मग डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका येतो, आणि फोटो जिवंत वाटतो तो त्या ठिपक्यामुळे. कडुलिंबाच्या झाडाखाली मात्र कवडसे पडतात आणि चेहरा चट्ट्यापट्ट्यांचा होतो. हिरव्या जाळीच्या छपराखाली पांढरं कुत्रं हिरवट दिसतं, ते नंतर धड सुधारताही येत नाही. फ्लॅश बंदच ठेवा. डोळे चमकतात आणि प्राणी दचकतो.

मागे ओली फरशी, ॲल्युमिनियमची ताटली, फुटकी बादली दिसली की नजर तिकडेच जाते. एक साधी सुती चादर दोरीवर टांगा. काळ्या कुत्र्याला फिकट पिवळी किंवा आकाशी, पांढऱ्या-बदामी रंगाला गडद हिरवी. कुत्रं चादरीपासून चार फूट पुढे बसलं की चादरीच्या सुरकुत्या दिसत नाहीत. जुन्या बांधणीच्या ओढणीतून हातभर चौकोन कापून, तिरका दुमडून गळ्यात बांधा. गाठीखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कपडा नकोसा वाटला तर सोडा. पट्टा मात्र काढायचा नाही. बारीक पट्टा मदतनीसाच्या हातात असू द्या. फोटोतून तो नंतर पुसता येतो.

आता फोन. आधी काच पुसा, खाऊचं तेल हमखास लागलेलं असतं. जमिनीवर बसा किंवा पालथे पडा; लेन्स कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला आली पाहिजे. पाच-सहा फुटांवरून दुप्पट झूमने काढा. अगदी जवळून काढलं तर नाक बटाट्याएवढं आणि कान इवलेसे होतात. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड कानांच्या कडा आणि मिशा खातो, म्हणून साधाच मोड बरा. डोळ्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि सलग दहा-पंधरा फोटो घ्या. कॅमेरा असेल तर बसलेल्या कुत्र्याला १/२५० सेकंद, खेळणाऱ्याला निदान १/१००० सेकंद शटर ठेवा.

काळी कुत्री दत्तक जाण्यात मागे राहत असतील, तर त्याचं एक कारण फोटो असू शकतं. मागे लख्ख ऊन असलं की फोन त्या उन्हाचा हिशोब धरतो आणि कुत्र्याचा नुसता काळा डाग उरतो. पार्श्वभूमी सावलीत असू द्या आणि केसांचे पदर वेगळे दिसेपर्यंत उजेड वाढवा. पांढऱ्याचं उलटं नाही: फ्रेम भरून पांढरं असलं की फोन ते राखाडी करतो, म्हणून तिथेही थोडा वाढवावाच लागतो.

नजर हवी असेल तेव्हा रिकामं बिस्किटाचं पाकीट लेन्सच्या वर धरून एकदाच चुरगाळा. मान तिरकी होते, कान उभे राहतात. हा क्षण जेमतेम दोन सेकंदांचा असतो. आवाज चौथ्यांदा केलात तर त्यात काही मिळत नाही हे कुत्र्याला कळून चुकतं. म्हणून दर वेळी खाऊ द्या: उकडलेल्या चिकनचा किंवा, शेल्टर शाकाहारी असेल तर, पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा.

मांजराला बाहेर आणूच नका. दार बंद केलेल्या खोलीत, खिडकीपासून तीन-चार फुटांवर काढा. प्रखर उजेडात डोळ्यातली बाहुली चिरेसारखी बारीक होऊन चेहरा रागीट दिसतो. मऊ उजेडात ती गोल होते आणि तेच मांजर लोभस दिसतं. फरशीवर बसून नजर दुसरीकडे ठेवा, ते आपणहून येईल. मोराचं पीस किंवा सुतळीचं टोक जमिनीलगत हळू ओढा.

लसीचे सगळे डोस न झालेल्या पिल्लांना अंगणाच्या मातीवर ठेवू नका, टेबलावर घ्या. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलचा त्यावर भरवसा नाही. टेबल आधी साबणाने धुवा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग अशा मिश्रणाने दहा मिनिटं ओलं ठेवून पुसा. चादर आणि गळ्यातला कपडा एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात न धुता नेऊ नका.

दर प्राण्याचे चार फोटो हवेत: चेहरा, आडवं पूर्ण शरीर, उभ्या माणसाशेजारी उंची कळेल असा, आणि मांडीवर किंवा हाताखाली निवांत बसलेला. सोबत चालण्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला पाडलेली खाच स्पष्ट दिसू द्या. एक डोळा नसेल, पाय लंगडत असेल तर ते दुसऱ्या फोटोत सरळ दाखवा. लपवलेलं घरी गेल्यावर दिसतंच आणि आठवड्याभरात कुत्रं परत येतं. दुसऱ्यांदा सोडून दिलेलं कुत्रं सावरायला फार वेळ लागतो. उजेड आणि रंग सुधारा, शरीराला हात लावू नका.

मजकूर मराठी आणि गुजराती दोन्हीत, सहा ओळींत: नाव, अंदाजे वय, नर की मादी, लसी आणि नसबंदी, मुलांशी व इतर प्राण्यांशी कसं वागतं, कसलं घर मानवेल. ‘मुलांबरोबर चालतं’ हे कोणी पाहिलं असेल तरच लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर केसांचा नुसता लगदा दिसतो. फॉरवर्ड होताना मजकूर गळून पडतो, म्हणून नाव, तारीख आणि शेल्टरचा फोन नंबर फोटोच्या खालच्या पट्टीवरच टाका. पूर्ण पत्ता नको, रात्री फाटकाबाहेर पिल्लांची खोकी ठेवून जाणारे असतात. घर मिळालं की त्याच फोटोवर ठळक ‘घर मिळालं’ लिहून त्याच गटांत पुन्हा पाठवा, म्हणजे जुन्या फोटोवरून फोन येणं थांबेल. तरीही कोणी फोन केलाच, तर त्याला त्याच स्वभावाच्या दुसऱ्या कुत्र्याचा फोटो लगेच पाठवता यावा, इतकी यादी जवळ ठेवा.