उतारवयात कानातला मळ: काय करावे, काय करू नये

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी मागच्या हिवाळ्यात टीव्हीचा आवाज हळूहळू वाढत गेला आणि बाबांना वयोमानाने कमी ऐकू येते, असे आम्ही सर्वांनी परस्पर ठरवून टाकले. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी तपासले तेव्हा दोन्ही कान मळाने बुजलेले निघाले. मळ काढून घरी परतताना रिक्षाच्या हॉर्नने बाबा दचकले, आणि गेले कित्येक महिने आपण त्यांच्यावर विनाकारण ओरडून बोलत होतो, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कानातला मळ ही घाण नव्हे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या ग्रंथी हा चिकट पदार्थ तयार करतात. तो धूळ व जंतू अडवतो आणि त्वचा कोरडी पडू देत नाही. नळीची त्वचा सावकाश आतून बाहेर सरकत असते, जबड्याच्या हालचालीने तिला हातभार लागतो आणि मळ आपोआप बाहेर येतो. उतारवयात मात्र मळ कोरडा व घट्ट होतो, पुरुषांच्या कानातले केस राठ होतात, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या कानात तर बाहेरची वाटच अडलेली असते. अशा वेळी कापसाची काडी, केसातली पिन किंवा कानकोरणे घातले की थोडासा मळ बाहेर येतो आणि उरलेला पडद्याकडे ढकलला जातो. बाजारात फिरणाऱ्या कान साफ करणाऱ्यांकडे जाण्याची सवय आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांना आहे. परंतु त्यांच्या सळईला निर्जंतुक करण्याची सोय नसते आणि आतले नीट दिसत नसताना पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून ती सवय मोडावी. कानात मेणबत्ती लावण्याच्या प्रकाराने मळ निघत नाही, उलट भाजण्याचा धोका असतो.

घरी करण्याजोगा उपाय एकच आहे, तो म्हणजे मळ मऊ करणे. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे मळ मऊ करणारे थेंब किंवा ऑलिव्ह तेल वापरता येते. तेल गॅसवर तापवू नये आणि त्यात लसूणही कढवू नये. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरली तरी पुरते. थेंब फार थंड किंवा फार गरम असतील तर आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागावर परिणाम होऊन चक्कर येते, आणि या वयात चक्कर म्हणजे पडण्याची भीती. ज्येष्ठांना कुशीवर झोपवावे, कानाची पाळी वर व मागे हलकेच ओढावी, तीन-चार थेंब सोडावेत आणि पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहू द्यावे. मग उठवताना घाई न करता बाहेर आलेले मऊ कापडाने पुसावे. दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस असे केले की बहुधा मळ सुटतो. मधल्या काळात मळ फुगून ऐकू येणे आणखी कमी होऊ शकते, याची कल्पना आधीच देऊन ठेवावी, नाही तर ते घाबरतात.

कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर थेंबही घालू नयेत. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत मी विशेष बजावून सांगते: कानात घरी पिचकारीने पाणी मारू नये, कारण अशा व्यक्तींना नळीत झालेला संसर्ग हाडापर्यंत पसरून जिवावर बेतू शकतो. मळ न निघाल्यास डॉक्टर प्रकाशात पाहून सक्शनने किंवा बारीक उपकरणाने तो काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास त्यांना आधी सांगावे. काढताना अचानक खोकला आला तर भिऊ नये, नळीतल्या एका मज्जातंतूला स्पर्श झाल्याने तसे होते. खासगी दवाखाना परवडत नसेल तर इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे.

एक गोष्ट मात्र मळावर ढकलून थांबू नये. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर ओठ मिटून ओंकारातल्या मकारासारखा गुंजारव करून पाहावा. आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा आला तर अडथळा मळासारखा असण्याचा संभव असतो. चांगल्या कानात मोठा आला तर आतल्या कानाचा किंवा नसेचा बिघाड असू शकतो. ही खूण केवळ अंदाजासाठी आहे. अचानक आलेल्या बहिरेपणात उत्तर काहीही मिळाले तरी त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठावे, कारण नसेच्या बिघाडावरचे औषध जितके लवकर सुरू होईल तितका उपयोग अधिक.

मळ निघाल्यावरही "स", "श", "फ", "थ" असे वर्ण निसटत असतील, गर्दीत बोलणे कळत नसेल, तर वयोमानाने आलेला ऱ्हास वेगळा आहे असे समजून श्रवण-चाचणी करून घ्यावी. ती मळ काढल्यानंतरच करावी, नाही तर आलेख खोटा येतो. यंत्र लावणाऱ्यांनी ते रोज रात्री कोरड्या कापडाने पुसावे, त्याच्या टोकाची मळ अडवणारी जाळी वेळच्या वेळी बदलावी आणि यंत्र शिटी वाजवू लागले तर दुरुस्तीला टाकण्याआधी कान तपासून घ्यावा.